नदीवाल्यांच्या गोटातली बाई

साठी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या, गिऱ्हाइकांवर सदा डाफरणाऱ्या त्या चष्मेवाल्याला साऱ्या जगात 'बारक्या' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे त्याची ताई. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आजारपणं उशाशी बसून काढली. तिचं लग्न झालं तेव्हा हाही तिच्या मागोमाग दोन गल्ल्या सोडून राहायला आला. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "लोकांना लांबचं-जवळचं दाखवता दाखवता स्वतःचं बघायचं राहून गेलं." हा विनोद तो वर्षानुवर्षं करत होता आणि ताई दर वेळी हसायची.

ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, मोजणीदार होते. लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस देवासारखा, पण खट्याळ आणि चिवट. मूलबाळ नव्हतं. या दोघा मेहुण्यांना एकच वेड होतं, लढाईचं. भांडण नव्हे हो, लढाई! टेबलावरची.

बाहेरच्या खोलीत चांगलं ऐसपैस जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कधी कोणी जेवलं असेल तर शपथ. त्यावर हिरवं कापड, कागदाच्या लगद्याचे डोंगर, मधून वाळू पसरून केलेला कोरडा नाला, आणि दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढ्या माणसांच्या फौजा. जुन्यापुराण्या काळातली, भाल्या-तिरांची, रथांची आणि हत्तींची लढाई. एकीकडे डोंगरवाले, ते भाऊजींचे. दुसरीकडे नदीवाले, ते चष्मेवाल्याचे. भाऊजी पितळी पट्टीने अंतर मोजून एकेक तुकडी पुढे सरकवायचे, दोन तुकड्या भिडल्या की फासे पडायचे, ज्याचं दान मोठं तो टिकला, दुसरा आडवा. एकेक लढाई महिना-महिना चालायची. मूळ लढाईत म्हणे डोंगरवाल्यांचा धुव्वा उडाला होता. भाऊजींनी तीच लढाई कितीदा तरी जिंकून दाखवली आणि मेहुण्याला पाणी पाजलं.

सगळी माणसं चष्मेवाल्याने रंगवलेली. डोळ्याला भिंग लावून, एका केसाच्या कुंचल्याने. फौजेच्या मागे त्याने नदीवाल्यांचा गोट मांडला होता: तंबू, खेचरं, चुली, आणि घागर घेतलेली एक बाई. या बाईला त्याने काय करावं? निळं लुगडं नेसवलं, कपाळावर ताईसारखी बट काढली, आणि नाकावर तिच्याचसारखा चष्मा चढवला.

"अरे, त्या काळात चष्मा?" भाऊजी खवळले होते. "लाज आहे का काही?"

"आमच्या दुकानातला आहे," चष्मेवाला म्हणाला.

भाऊजींनी भिंगातून बाईकडे नीट पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. त्यानंतर दर लढाईत त्यांचं एक पालुपद ठरलेलं असायचं. "माझी बायको शत्रूच्या गोटात! माहेरपण पुरे झालं म्हणावं. एक दिवस हत्ती घेऊन येतो आणि घेऊन जातो." आतून ताई ओरडायची, "या की! इथे कोण अडवतंय? नुसतं बोलायला नको!"

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भाऊजींना चाल मागे घ्यायची खोड होती. हत्ती पुढे न्यायचा, चहाचा घोट घ्यायचा, हत्ती परत मागे. यावरून दोघांची एकदा अशी जुंपली की ताईने दोघांचाही चहा बंद केला. तेव्हा चष्मेवाल्याने नियम काढला. आपल्या सगळ्या चाली मनासारख्या झाल्या की हात मागे घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "सोडला." म्हणजे डाव सोडला. तो शब्द तोंडातून निघेपर्यंत हवं ते हलवा, हवा तेवढा विचार करा, आणि समोरच्याने टेबलाला बोट लावायचं नाही. शब्द उच्चारला की मग समोरचा मालक.

भाऊजींनी नियम मान्य केला आणि त्याच नियमाने मेहुण्याचा छळ मांडला. चाल करून झाली तरी हत्तीवर हात तसाच. डोळे मिटलेले. चष्मेवाला खुर्चीत चुळबुळ करतोय, आणि हे गालातल्या गालात हसतायत. "सोडा की आता!" म्हटलं की आणखी थांबायचे.

त्या रविवारी दुपारीही असंच झालं. भाऊजींनी म्होरक्या हत्ती नाल्याच्या काठावर आणून ठेवला, त्याच्यावरचा हात काढला नाही, आणि हळूच डोकं टेबलावर टेकलं. चष्मेवाल्याने एक उसासा टाकला. आता हे नवीन नाटक. तो थांबला. उठून पाणी पिऊन आला. परत बसला. "भाऊजी, म्हणा की सोडला," तो म्हणाला. मग जरा चिडून म्हणाला. मग आपल्या भालाइतांकडे बघत बसला आणि पुढच्या चालीचा विचार करायला लागला. किती वेळ गेला त्याला कधीच सांगता आलं नाही. ताई चहा घेऊन आली, तिने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला, आणि कप तिच्या हातून खाली पडला.

डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी गेले, त्रास असा झालाच नसेल, तुम्ही लगेच ओळखलं असतं तरी उपयोग नव्हता. चष्मेवाल्याला ते पटलंही आणि नाहीही. मेलेल्या माणसावर आपण चिडून बसलो होतो, ही गोष्ट त्याला रोज दुकानात भिंग पुसताना आठवायची आणि कानशिलं तापायची.

लोक आले, गेले. कोणीतरी टेबल आवरायला घेतलं तर ताईने हात धरला. "असू दे," ती म्हणाली. "डाव त्यांचा चालू आहे."

चष्मेवाला दर रविवारी येत राहिला. दुपारी यायचा, आपल्या खुर्चीत बसायचा, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. टेबलाला त्याने बोट लावलं नाही. नियम त्याचाच होता ना! भाऊजींनी 'सोडला' म्हटलेलं नव्हतं. ताई चहा आणायची, दोघं इकडचं तिकडचं बोलायचे, संध्याकाळ व्हायच्या आत तो घरी जायचा. ताईने टेबलाला फडकंही लावलं नव्हतं, त्यामुळे त्या हिरव्या रानावर आणि फौजांवर धुळीचा पातळ थर बसत गेला.

मग एका रविवारी त्याला दिसलं की म्होरक्या हत्ती नाल्याच्या अलीकडे आलेला आहे. पलीकडच्या काठावर, जिथे तो उभा होता, तिथे धुळीत हत्तीच्या पायाखालच्या चकतीएवढं स्वच्छ गोल राहिलं होतं. मधे ओरखडा नव्हता. म्हणजे कोणीतरी उचलून ठेवला होता, सरकवला नव्हता. चष्मेवाल्याने पितळी पट्टी घेतली आणि टेबलाला हात न लावता वरूनच अंतर पाहिलं. हत्तीची एक चाल, तंतोतंत.

ताई! बिचारी एकटी बसून नवऱ्याच्या हत्तीला हात लावते, त्यांनी केलं असतं तसं करते. त्याने चहा घेताना उगीच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ताईनेही त्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. का, ते सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दुसरा हत्ती नाला उतरला. त्याच्या पुढच्या रविवारी डोंगरवाल्यांचे घोडेस्वार डाव्या अंगाने वळले. चष्मेवाला मूग गिळून बसायचा. पण हळूहळू त्याच्या मनात एक शंका वळवळायला लागली. ताईला पट्टी धरायची कशी हेही माहीत नव्हतं. ती हत्तीला 'तो सोंडेवाला' आणि रथाला 'गाडी' म्हणायची. आणि इथे घोडेस्वार टेकडीच्या आडून असे आणले होते की नदीवाल्यांच्या तिरंदाजांना ते दिसूच नयेत. ही भाऊजींची जुनी चाल होती. या चालीपायी चष्मेवाल्याने किती लढाया घालवल्या होत्या ते त्याचं त्यालाच माहीत.

शेवटी त्याने न राहवून विचारलं, "ताई, तुला हे सगळं शिकवलं कधी त्यांनी?"

"काय शिकवलं?"

"चाली. छान करतेस. मी बोललो नाही, तुला बरं वाटत असेल तर करत जा."

ताई चहाची बशी हातात तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. "बारक्या," ती म्हणाली, "मी नाही हात लावलेला. मला वाटलं तूच करतोस. माझं मन राखायला."

"मी?"

"तुझ्याकडे किल्ली आहे ना घराची. मी बाजारात गेले की येऊन जात असशील, असं मला वाटायचं. म्हटलं, करू दे. त्याचंही दुःख आहे."

दोघांनी एकदम टेबलाकडे पाहिलं. बाहेर चांगलं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत चाललं होतं, आणि चष्मेवाल्याच्या अंगावर सरसरून काटा आला. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. पण ती रिकामी खुर्ची आता त्याला नेहमीसारखी रिकामी वाटेना. भाऊजी हत्तीवर हात ठेवून डोळे मिटून बसायचे तेव्हा खोलीत जी एक वाट बघायला लावणारी शांतता असायची, तीच होती.

ताई घाबरली नाही. उलट तिचा चेहरा असा उजळला की चष्मेवाल्याला लग्नातला तिचा चेहरा आठवला. तिने पदर सावरला, टेबलाजवळ जाऊन वाकून पाहिलं, आणि त्या पेराएवढ्या माणसांच्या रांगांवरून तिची नजर हळूहळू पलीकडे, नदीवाल्यांच्या गोटाकडे गेली.

"अरे, ते तुझ्या राजाकडे जातच नाहीयेत," ती म्हणाली.

खरंच होतं. चष्मेवाल्याला इतके रविवार ते दिसलं नव्हतं, आणि स्वतःला डोळ्यांचा माणूस म्हणवतो! राजा उजवीकडे उभा होता, जवळजवळ उघडा. त्याला मारलं की लढाई खलास. पण डोंगरवाले त्याला ओलांडून चालले होते. हत्ती, घोडे, भालाईत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. तंबूंच्या मागे, खेचरांच्या शेजारी, निळ्या लुगड्यातली चष्मेवाली बाई घागर घेऊन उभी होती.

"मला न्यायला येतायत," ताई म्हणाली, आणि हसली.

त्यानंतर चष्मेवाल्याला ताईकडे नीट बघावं लागलं, आणि जे दिसलं ते आधी का दिसलं नाही म्हणून त्याने स्वतःला शिव्या घातल्या. तिचे गाल बसले होते. बांगड्या कोपरापर्यंत वर चढत होत्या. हत्ती जसजसा एकेक चाल पुढे येत होता तसतशी ती एकेक घास कमी करत आली होती. आता ती कपाटं आवरायला लागली. चांगल्या चादरी शेजारणीला देऊन टाकल्या. मोठी पातेली कामवालीला. "मला काय करायचीयत?" म्हणायची. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि काही नाही म्हणून सांगितलं.

"काही नाही कसं?" चष्मेवाला त्यांच्यावरही डाफरला. "डोळ्यांदेखत माणूस वितळतंय!"

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव टांगणीला लागला होता तर त्याने ती बाई उचलून का नाही टाकली? उचलली. एका रविवारी ताई आत असताना त्याने तिला गोटातून उचललं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि घरी निघून आला. संध्याकाळच्या आत शेजारणीचा फोन आला. ताई स्वतःच्याच घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती आणि भेटेल त्याला विचारत होती, मी कुठे आहे, मला इथे कोणी आणलं. शेजारणीला ओळखलं नाही. चष्मेवाला धावत गेला, त्यालाही ओळखलं नाही. "अहो, माझं घर कुठे सांगता का?" असं ती त्याला अहो-जाहो करून विचारत होती. त्याने खिशातली बाई काढून तंबूमागे ठेवली. ताईने डोळे चोळले आणि म्हणाली, "बारक्या, तू कधी आलास? जेवून जा." त्यानंतर टेबल उधळून टाकायचा विचारसुद्धा त्याने मनात आणला नाही.

एकच वाट उरली होती, लढायचं. गोटाच्या समोर आपले भालाईत आणून उभे करायचे, घोड्यांनी मागून हत्तींना कोंडीत पकडायचं. तरबेज होता तो, अडवू शकला असता. पण त्याचा डावच येत नव्हता! भाऊजी 'सोडला' म्हणत नव्हते. आठवड्यामागून आठवडे चाली त्यांच्याच, आणि हा स्वतःच्याच नियमाने हात बांधून बसलेला.

"ताई, तू म्हण," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. "तू त्यांची बायको. त्यांच्या वतीने तू म्हटलंस तर चालेल. एकदा म्हण, सोडला."

"मी कशाला सोडू?" ताई म्हणाली. "वेडा का खुळा तू?"

"तुला जायचंय?"

"हो."

"आणि मी?"

ताई म्हणाली, "तू मोठा झालास आता." साठी उलटलेल्या माणसाला ती हे सांगत होती, आणि त्याला भडभडून आलं. तो तिच्यासमोर लहान पोरासारखा रडला. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, थोपटलं, पण तो शब्द काही तिने उच्चारला नाही.

मग तो रविवार आला. हत्ती गोटापासून एका चालीवर होता. तंबू आणि त्याच्या सोंडेच्या मधे एक कुत्रंसुद्धा नव्हतं. ताई दिवाणावर पडून होती, ठेवणीतलं पातळ नेसून, केस विंचरून. श्वास इतका हलका की चष्मेवाल्याने दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर, कोणाची तरी चाहूल लागल्यावर येतं तसं, अर्धवट हसू होतं.

चष्मेवाला उठला. टेबलाला वळसा घातला. भाऊजींच्या खुर्चीत तो आजवर कधी बसला नव्हता, तो बसला. त्याने उजवा हात पुढे केला, म्होरक्या हत्तीवर ठेवला, अगदी त्यांचा असायचा तसा. "भाऊजी, माफ करा," तो मनात म्हणाला. आणि मोठ्याने म्हणाला, "सोडला."

आवाज त्याचाच होता. पण खोलीत काहीतरी निघून गेलं. ते दारातून गेलं की खिडकीतून, त्याला सांगता येत नाही. समोरच्या भिंतीवरचं ऊन होतं तिथेच होतं, घड्याळ चालू होतं, फक्त ती वाट बघायला लावणारी शांतता संपली आणि साधी शांतता झाली.

तो आपल्या खुर्चीत येऊन बसला आणि लढला. असा तो आयुष्यात कधी लढला नव्हता. भालाईत आडवे घातले, घोडे मागून फिरवले, तिरंदाज टेकडीवर चढवले. दोन्ही बाजूंचे फासे त्यालाच टाकावे लागत होते. भाऊजींचे टाकताना मात्र दान पडायचं ते एकाचं, पुन्हा एकाचं. इतकं वाईट दान त्यांना उभ्या आयुष्यात पडलं नव्हतं. हत्ती आडवे झाले, घोडेस्वार आडवे झाले, म्होरक्या हत्ती शेवटी पडला. उन्हं उतरायच्या आत डोंगरवाल्यांचा एक माणूस उभा राहिला नाही.

दिवाणावरून आवाज आला, "बारक्या, काय केलंस रे?"

"जिंकलो," तो म्हणाला.

ताई उठून बसली. भूक लागली म्हणाली. त्याने भात शिजवला, करपवला, तरी तिने तो खाल्ला. डॉक्टर येऊन गेले, नाडी बघून खूश झाले. चष्मेवाल्याने दुकानात गिऱ्हाइकांना चक्क हसून उत्तरं दिली, आणि गिऱ्हाइकंच घाबरली.

पण ते चार दिवसच. मग ताईने खाणं हळूहळू पुन्हा टाकलं. पहिल्यांदा खाणं टाकलं होतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजेड होता, आता काहीच नव्हतं. सकाळी जिथे बसवलं तिथे संध्याकाळपर्यंत बसून राहायची. विचारलं तर उत्तर द्यायची, रागावली तर मुळीच नव्हती. रागावली असती तर चष्मेवाल्याला बरं वाटलं असतं. एकदा तिने टेबलाकडे बघून विचारलं, "बाहेर कुणी नाही ना रे आता?" तो म्हणाला, "नाही." ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध मी कसलं देऊ? त्यांना कशाची तरी वाट बघायला हवीय." चष्मेवाल्याला त्यांचा गळा धरावासा वाटला, कारण डॉक्टर खरं बोलत होते.

त्याने आठवडाभर स्वतःशी झुंज घेतली. रविवारी तो लवकर आला, ताई आत निजली होती. त्याने धुळीत आडवा पडलेला म्होरक्या हत्ती उचलला, फुंकर मारून साफ केला आणि पार पलीकडे, नाल्याच्या काठावर, उभा केला. मेलेला हत्ती उभा करायचा नाही, हाही नियमच होता. दोन घोडेस्वार उभे केले, थोडे भालाईत उभे केले. मग गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

ताई बाहेर आली. टेबलापाशी थांबली. मग तिची हाक आली, "बारक्या, चहाबरोबर काही खायला आहे का रे?"

त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढच्या आठवड्यातही जेवली. कपाळावरची बट विंचरून नीट बसवायला लागली, शेजारणीशी बोलायला लागली, एकदा तर चष्मेवाल्याला दाढी केली नाही म्हणून रागावली. आणि दर रविवारी, ती आत असताना, चष्मेवाला हत्ती पुढे सरकवायचा. पण किती? नखाएवढा. त्याचा हिशेब सोपा होता. हत्ती येत राहिला तर ती जगेल, पोचला तर जाईल. म्हणून येऊ द्यायचा, पण पोचू द्यायचा नाही. असं त्याने कितीतरी महिने चालवलं. नाल्याचा काठ उतरायलाच हत्तीला एक उन्हाळा लागला. चष्मेवाल्याला वाटायचं, जमलं. असंच जन्मभर चालवू.

ताई मात्र थकत चालली होती. आजार नव्हता, वय होतं. गुडघे उचलेनात, रात्रीची झोप उडाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जेवताना हात कापायचा, तरी ती नेमाने जेवायची.

एका रविवारी तो टेबलावर वाकून हत्तीला बोटाच्या टोकाने ढकलत होता, आणि ताई दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही. त्याने दचकून हात मागे घेतला, आणि चोरी पकडल्यावर पोरं करतात तसा खिशात घातला.

"मी धूळ पुसत होतो," तो म्हणाला.

"तूच हलवतोस," ताई म्हणाली. "पडलेला हत्ती उभा राहिला त्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग तू जेवत का होतीस?"

"तू एवढं करतोयस, म्हणून." ती भिंतीचा आधार घेत टेबलापर्यंत आली आणि भाऊजींच्या खुर्चीत सावकाश टेकली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि हत्ती शोधला. तो अजून नाल्यातच होता. "मला सोबत हवीय तुझी, तुला माझी. ते खरंच आहे. मला राग नाही. पण बारक्या, तू फार हळू आणतोस रे. माझ्याच्याने आता एवढं थांबवत नाही. जरा पुढे घे ना."

ओठ घट्ट मिटून त्याने भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं, फक्त तिच्याकडे नाही. ताईने घाई केली नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं, भाऊजींची पितळी पट्टी घेतली, हत्तीच्या पायाशी लावली, आणि हत्तीला उचलून पूर्ण एक चाल पुढे ठेवलं.